परळीची राख, सिंगरेणीची खाण

एक युनिट वीज तयार करायला औष्णिक केंद्रात साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. परळी वैजनाथच्या केंद्रात २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. ते तिन्ही पूर्ण क्षमतेने चालले, तर दिवसाला सुमारे १२,००० टन कोळसा लागतो. मालगाडीच्या एका रेकमध्ये पावणेचार ते चार हजार टन मावतो, म्हणजे रोज तीन गाड्या रिकाम्या व्हायला हव्यात. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असते. त्यामुळे त्या तीन गाड्यांपैकी साधारण एका गाडीइतका किंवा त्याहून जास्त माल राख होऊन परळीत उरतो. कोळसा येतो आणि धूर होऊन जातो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते; प्रत्यक्षात त्याचा साधारण एक तृतीयांश हिस्सा राख होऊन मागे उरतो.

मराठवाड्यात कोळशाची एकही खाण नाही, म्हणून खाणीतले अपघात, खाणकामगारांचे आजार आणि खाणीखाली गेलेली गावे हे विषय आपल्याला धनबादचे, फार तर चंद्रपूरचे वाटतात. पण कोळशाचा हिशोब खाणीच्या तोंडाशी मिटत नाही. खाणीतला एक धोका आवरण्यासाठी जो उपाय होतो, तो पुष्कळदा त्या धोक्याला दुसऱ्या जागी आणि दुसऱ्या माणसाकडे सरकवतो. भुयारातला कामगार वाचतो, तर शेजारच्या शेतकऱ्याची विहीर आटते. आणि या साखळीच्या पार शेवटी राखेच्या तळ्यालगतचे गाव असते. ही साखळी समजून घ्यायची, तर सुरुवात भूगर्भापासून करावी लागते.

आपल्याकडे खाण का नाही

भारतातला बहुतेक दगडी कोळसा गोंडवन काळातला आहे. २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी दलदलीत साचलेल्या वनस्पतींवर नद्यांचा गाळ चढत गेला, हवेचा संबंध तुटला, आणि पूर्ण कुजून जाण्याऐवजी त्या वनस्पती दाबाखाली आणि उष्णतेत हळूहळू कोळसा बनल्या. असे थर दामोदर, सोन, महानदी, वर्धा आणि प्राणहिता-गोदावरी यांच्या खोऱ्यांत सापडतात. मराठवाड्यावर मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले. वेरूळची लेणी ज्यात कोरली गेली तो काळा पाषाण याच लाव्हाचा, आणि आपली कापसाची काळी जमीन त्याच पाषाणाच्या झिजेतून झालेली. पूर्वेकडे किनवटच्या बाजूला हे आवरण विरळ होत संपते, आणि त्यापलीकडे एका अंगाला वणी-चंद्रपूरचा, तर दुसऱ्या अंगाला गोदावरीकाठचा कोळशाचा पट्टा लागतो.

या दुसऱ्या पट्ट्याशी आपले नाते जुने आहे. १८७१ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे डॉ. विल्यम किंग यांना येल्लंदू गावाजवळ कोळसा आढळला. १८८६ मध्ये इंग्लंडात नोंदलेल्या हैदराबाद (डेक्कन) कंपनीने खाणीचे हक्क मिळवले, १९२० मध्ये सिंगरेणी कोलियरीज ही कंपनी स्थापन झाली, आणि १९४५ मध्ये हैदराबाद संस्थानाने तिचे बहुतांश भाग विकत घेतले. तेव्हा परळी, नांदेड आणि येल्लंदू ही सगळी एकाच निजामी राज्यातली गावे होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला, खाणी आंध्रात गेल्या. आज सिंगरेणीत तेलंगण सरकारचा ५१ टक्के आणि केंद्राचा ४९ टक्के वाटा आहे, आणि परळीला येणाऱ्या कोळशात सिंगरेणीबरोबर विदर्भातल्या वेकोलिचाही (वेस्टर्न कोलफील्ड्स या कंपनीचाही) कोळसा असतो. गोदावरी पैठण, नांदेड करत खाली रामगुंडम आणि मंचेरियालच्या खाणींशेजारून वाहते. तिथला कोळसा नदीच्या उलट दिशेने वर परळीला येतो, आणि त्याला जाळण्यासाठी लागणारे पाणीही पुन्हा गोदावरीचेच असते.

जमिनीखाली काय घडते

जुन्या पद्धतीच्या भूमिगत खाणीत कोळशाच्या थरातून आडवे-उभे रस्ते खोदतात आणि मधे कोळशाचेच चौकोनी खांब सोडतात. माळवदाच्या घरात राहिलेल्या माणसाला यामागचे गणित सांगावे लागणार नाही. खण मोकळा ठेवायचा, तर वरचे ओझे तुळयांवरून खांबांवर उतरले पाहिजे. माळवदावर फूट-दोन फूट माती असते, खाणीवर मात्र शे-दोनशे मीटर खडक असू शकतो. शिवाय खाणीतले खांब कोळशाचे, म्हणजे विकाऊ असतात. म्हणून एखाद्या भागातला कोळसा संपत आला की कामगार मागे सरकत खांब काढून घेतात आणि मागचे छत मुद्दाम कोसळू देतात. भूमिगत खाणीतला हा सर्वांत जोखमीचा टप्पा असतो. अनुभवी कामगार छतावर सळई ठोकून कान देतो. आवाज खणखणीत आला तर खडक एकसंध आहे, बद्द आला तर थर सुटला आहे. बाजारात मडके घेताना आपणही असेच टिचकी मारून पाहतो. तिथे चूक झाली तर मडके गळते, एवढेच.

छत कोसळल्यावर वरची जमीन खचते, शेतात भेगा पडतात आणि घरांच्या भिंती तडकतात. हे टाळण्यासाठी रिकाम्या पोकळीत पाण्याबरोबर वाळू भरण्याची पद्धत आहे आणि ती चांगलीही आहे, पण ती वाळू नदीच्या पात्रातून काढावी लागते. धोका सरकतो म्हणजे काय, याचे हे पहिले उदाहरण.

वायूचा धोका समजायला पेव आठवावे. जुन्या वाड्यांत धान्य साठवायचे पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे. आधी दिवा सोडून पाहत, आणि तो विझला तर थांबत. जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरलेला माणूस गुदमरला आणि त्याला काढायला गेलेला दुसराही गेला, अशी बातमी आपल्या भागात आजही अधूनमधून येते. खाणीच्या बंद पडलेल्या भागात अशीच निर्जीव हवा साचते, जिच्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड व नायट्रोजन जास्त असतो. मिथेनचा स्वभाव याहून वेगळा आहे. गोबरगॅसमधला जळणारा मुख्य वायू तोच. कोळसा बनताना तो थरात अडकलेला असतो, खोदकाम सुरू झाले की सुटतो आणि हलका असल्यामुळे छताशी जमतो. हवेत त्याचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असेल तर तो पेटत नाही, १५ टक्क्यांहून जास्त असेल तर जळायला ऑक्सिजन पुरत नाही. या दोहोंच्या मधे मात्र एक ठिणगी पुरते. म्हणूनच मिथेन १.२५ टक्क्यांवर गेला की त्या भागातला वीजपुरवठा तोडावा, असा नियम आहे.

मिथेनच्या स्फोटापेक्षा भयंकर असतो तो त्याच्या पाठोपाठ होणारा धुळीचा स्फोट. साखर कारखान्यात काम केलेल्यांना हे चटकन कळेल. साखरेचे पोते पेटवू गेलो तर सहज पेटत नाही, पण बंदिस्त जागेत हवेत तरंगणारी साखरेची बारीक धूळ बारुदासारखी उडते, कारण प्रत्येक कणाभोवती हवा असते. कोळशाच्या धुळीचे तसेच आहे. मिथेनच्या लहानशा स्फोटाने जमिनीवर बसलेली धूळ उसळते, ती पेटते, तिच्या धक्क्याने पुढची धूळ उसळते आणि पाहता पाहता आग भुयारभर धावते. २८ मे १९६५ रोजी आजच्या झारखंडमधल्या ढोरी खाणीत झालेल्या स्फोटात २६८ माणसे गेली. फ्रान्समधल्या कूरिएर येथे १० मार्च १९०६ रोजी गेलेल्यांची संख्या १,०९९ होती. यावरचा उपाय विलक्षण साधा आहे. भुयाराच्या भिंतींवर आणि जमिनीवर चुनखडीची पूड मारायची, म्हणजे कोळशाबरोबर न जळणारी धूळही उडते आणि ज्वाळेची उष्णता शोषून घेते. काळ्या खाणीचे रस्ते पांढरे दिसतात ते यामुळे.

मग पाणी. सोडून दिलेल्या जुन्या खाणींत पावसाचे आणि झिरपणारे पाणी वर्षानुवर्षे साठत राहते, आणि शेजारी नवीन काम चालू असताना मधली भिंत पातळ झाली की ते एका झटक्यात आत शिरते. धनबादजवळच्या चासनाला खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी हेच झाले आणि ३७५ कामगार बुडाले. पाणी भरलेल्या जुन्या कामाच्या ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय खोदू नये, हा नियम १९५७ च्या कोळसा खाण नियमावलीत आधीपासूनच होता. पण हा नियम नकाशावर अवलंबून असतो, आणि जुन्या खाणीचे नकाशे चुकीचे किंवा अपुरे असतील तर ६० मीटर कुठून मोजायचे, हा प्रश्न उरतोच. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये राणीगंजच्या महाबीर खाणीत असेच पाणी घुसले. सहा जण गेले, पण आत अडकलेल्या ६५ जणांना जसवंतसिंग गिल या अभियंत्याने वरून पाडलेल्या छिद्रातून, पोलादी पिंजऱ्यात एकेक करून वर आणले, आणि त्यासाठी ते स्वतः खाली उतरून बसले. बोअरच्या यंत्राने इतके मोलाचे काम क्वचितच केले असेल.

आगीसाठी ठिणगी लागतेच असे नाही. ओला कडबा घाईने रचला की गंजी आतून तापते, वाफ निघते आणि दुर्लक्ष झाले तर धुमसू लागते, हे शेतकऱ्याला माहीत आहे. तिथे सुरुवात सूक्ष्मजीवांमुळे होते. कोळशात हवेतला ऑक्सिजन हळूहळू कोळशाशी संयोग पावतो, उष्णता तयार होते आणि ती बाहेर पडायला वाट नसली की साचत जाते. धनबादजवळच्या झरियातली भूमिगत आग १९१६ पासून जळते आहे. हवा तोडावी तर जमिनीला जागोजाग भेगा, आणि भेगा बुजवाव्यात तर खालची पोकळी रोज सरकणारी. तिथल्या वस्त्या हलवण्याची मोठी योजना २००९ मध्ये मंजूर झाली, पण रोजगार जुन्या जागी आणि घर नव्या जागी अशी ओढाताण असल्यामुळे माणसे सहजासहजी हलत नाहीत. धरणग्रस्तांचे पुनर्वसन पाहिलेल्या मराठवाड्याला यात नवल वाटू नये.

या सगळ्या मोठ्या दुर्घटनांची नोंद तारखेसह होते. फुप्फुसात साठणाऱ्या धुळीची तशी होत नाही. कोळशाची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली की फुप्फुसाचा मऊ भाग हळूहळू घट्ट होत जातो, दम लागतो आणि झालेली हानी भरून येत नाही. आजार दिसायला दहा-दहा वर्षे आणि कधी त्याहून जास्त लागतात, तोवर कामगार निवृत्त होऊन गावी परतलेला असतो. कायम कामगाराची तपासणी, उपचार आणि भरपाई यांची नोंद कंपनीकडे राहते. कंत्राटदार बदलला की कंत्राटी कामगाराच्या कामाचा पुरावाच विखुरतो. बीडच्या ऊसतोड कामगाराचा आजार ज्याप्रमाणे कारखान्याच्या वहीत चढत नाही, तशीच ही गत आहे.

खाण उघड्यावर आली

आज भारतातला ९० टक्क्यांहून जास्त कोळसा खुल्या खाणींतून निघतो. वरची माती आणि खडक पूर्ण काढून टाकायचा, थर उघडा करायचा आणि मोठ्या यंत्रांनी कोळसा उचलायचा. छत नसल्यामुळे ते पडण्याचा प्रश्न नाही आणि मिथेन वाऱ्यावर उडून जातो. कामगारांच्या जिवाच्या दृष्टीने हा बदल मोठा आणि खरा आहे, हे मान्य करून मगच त्याची दुसरी बाजू पाहावी.

सिंगरेणीच्या खुल्या खाणींत एक टन कोळशामागे साधारण सहा घनमीटर माती-दगड हलवावा लागतो. हा काढलेला माल कुठेतरी टाकावा लागतो, आणि त्याचे डोंगर होतात. खाणपट्ट्यात त्यांना ओबी म्हणतात. हे डोंगर सैल असतात. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात ॲबरफॅन या गावावर २१ ऑक्टोबर १९६६ रोजी खाणीच्या टाकाऊ मालाचा ढीग पावसाच्या पाण्याने घसरला आणि थेट शाळेवर आला. १४४ जण गेले, त्यांत ११६ मुले होती. आपल्याकडे झारखंडच्या राजमहल खाणीत २९ डिसेंबर २०१६ रोजी असाच ढिगारा कोसळून २३ कामगार दबले. एरवी हा ढीग कोसळत नाही, नुसता धुपत राहतो. पावसाळ्यात त्यातली माती नाल्यात आणि नाल्यातून नदीत उतरते. चंद्रपूरच्या इरई नदीचे पात्र उथळ होण्यामागे ओबीच्या ढिगाऱ्यांचा हात असल्याची तिथल्या लोकांची तक्रार जुनी आहे.

पाण्याचा प्रश्न मराठवाड्याच्या माणसाला अधिक जवळून कळेल. शेजाऱ्याने चारशे फुटांचा बोअर घेतला की आपली साठ फुटांची विहीर आटते, यावरून आपल्याकडे भावाभावांत भांडणे झाली आहेत. खुली खाण हा तसाच एक प्रचंड बोअर आहे. खड्डा कोरडा ठेवण्यासाठी त्यात झिरपणारे पाणी अखंड उपसावे लागते, आणि त्यामुळे भोवतालची भूजल पातळी खड्ड्याच्या दिशेने उतरत जाते. उपसलेले पाणी वाया जातेच असे नाही. ते शेतीला किंवा गावाला देता येते, काही ठिकाणी दिलेही जाते. मात्र पूर्वी ज्याच्या विहिरीत ते आपोआप येत असे, त्याला आता ते मागावे लागते.

एका बाबतीत गोंडवन कोळसा सौम्य म्हणावा लागेल. त्यात गंधकाचे प्रमाण कमी असते, म्हणून खाणीचे पाणी आम्लधर्मी होण्याचा धोकाही कमी असतो. मेघालयाच्या कोळशात गंधक जास्त आहे. तिथल्या उंदीरबिळांसारख्या खाणींमधून वाहणाऱ्या पाण्याने नद्यांतले मासे संपले, आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये त्या पद्धतीवर बंदी घातली. बंदीनंतरही डिसेंबर २०१८ मध्ये तशाच एका बिळात पाणी शिरून १५ जण अडकले.

सातबारा आणि नोकरी

कोळसा असलेली जमीन घेण्यासाठी १९५७ चा स्वतंत्र कायदा आहे. कोल इंडियाच्या धोरणात साधारण दोन एकरांमागे एक नोकरी, असे प्रमाण धरलेले असते. कागदावर हे सोपे दिसते. पण सातबाऱ्यावर चार भावांची नावे असतात, एका भावाला नोकरी लागते आणि तिघांना पैसे मिळतात. पैसे घर, लग्न आणि मोटारसायकल यांत दोन-तीन वर्षांत संपतात, पगार मात्र तीस वर्षे चालू राहतो. घर फुटायला यापेक्षा जास्त काही लागत नाही. बहिणींच्या हक्कसोडीची सही कोणत्या नोकरीसाठी घेतली गेली, हा वेगळाच विषय होईल. आणि ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्या शेतमजुरांचे, बलुतेदारांचे आणि गायरानावर शेळ्या चारणाऱ्यांचे नाव या हिशोबात मुळातच येत नाही.

नोकरी मिळाली की तिच्याभोवती गाव उभे राहते. कोत्तागुडेम, बेल्लमपल्ली, मंदमर्री, गोदावरीखनी या गावांत सिंगरेणी कंपनीच्या वसाहती, दवाखाने आणि शाळा आहेत. वर्षातून एकदा कामगारांना नफ्यातला वाटा मिळतो, तेव्हा बाजारपेठेत पैसा खेळतो. उसाचे बिल निघाल्यावर माजलगावच्या बाजारात जी हालचाल दिसते, तसे ते दिवस असतात. पण १९९० च्या सुमारास जिथे एक लाखाहून अधिक कामगार होते, तिथे आता सुमारे ४०,००० उरले आहेत, आणि कोळसा मात्र वाढून २०२३-२४ मध्ये सुमारे ७ कोटी टन निघाला. भुयारात टोपलीने कोळसा भरणाऱ्या शेकडो हातांचे काम आता खुल्या खाणीतला एक फावडेवाला यांत्रिक हत्ती करतो, आणि माती हलवण्याचे काम बहुतांशी कंत्राटावर जाते. म्हणजे खाण सुरक्षित झाली, तेव्हाच ती गावाला पोसण्याची तिची ताकदही घटली. या दोन गोष्टी एकाच यंत्राने घडवल्या आहेत. त्यामुळे जुनी भूमिगत खाण चालू ठेवा म्हणणाऱ्या कामगार संघटनेला केवळ अडाणी ठरवणे मला पटत नाही. धोका पत्करूनही त्यांना ती का हवी असते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

राखेचे गाव

आता पुन्हा परळी. भट्टीत कोळशाची पूड जळते, तेव्हा जड राख खाली पडते आणि हलकी राख धुराबरोबर वर जाते. चिमणीआधी बसवलेल्या यंत्रात विजेच्या भाराने हे हलके कण पट्ट्यांकडे ओढले जातात आणि गोळा होतात. कोरडी राख बल्करमधून सिमेंट कारखान्यांना जाते, आणि तिला मागणी चांगली असते. उरलेली राख पाण्यात कालवून नळाने राखेच्या तळ्यात सोडतात. तळे ओले आहे तोवर त्रास कमी असतो. पाणी ओसरून वरचा थर वाळला, आणि त्यात फाल्गुन-चैत्राचे वारे सुटले, की पिठासारखी राख उडते आणि ज्वारीच्या पानांवर, पाण्याच्या हौदावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. तळ्यातून राख उपसून नेणारे हायवा ताडपत्रीशिवाय धावले, तर हाच प्रकार रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोगणती होतो. जळताना कोळशातले कार्बनी भाग जातात आणि मातीचे, धातूंचे अंश मागे राहून दाट होतात. आर्सेनिक, पारा यांच्यासारखे घटक राखेत अल्प प्रमाणात असतात, पण ते वर्षानुवर्षे एकाच जागी साचून भूजलात झिरपू नयेत म्हणून तळ्याचा तळ आणि बांध यांची काळजी घ्यावी लागते.

या राखेने परळीच्या परिसरात वीटभट्ट्यांचा मोठा धंदाही उभा केला, हे विसरून चालणार नाही. शासनाने १९९९ पासूनच औष्णिक केंद्रांजवळच्या विटांत राख वापरणे बंधनकारक केले, आणि त्यामागचा विचार योग्य होता, कारण त्यामुळे शेतातली सुपीक माती विटांत जाणे कमी होते. परिणाम असा की एकाच गावात कोणाला राख म्हणजे खोकला आहे, आणि कोणाला तीच राख म्हणजे रोजची मजुरी. राखेविषयीच्या गावसभेत एकमत होत नाही ते याच कारणाने.

पाण्याचा हिशोब त्याहून कडक आहे. डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय नियमानुसार अशा केंद्राने एका मेगावॅट-तासाला जास्तीत जास्त ३.५ घनमीटर पाणी वापरावे. ७५० मेगावॅटसाठी ते दिवसाला ६ कोटी ३० लाख लिटर होते, आणि माणशी ५५ लिटर धरले, तर एवढ्यात अकरा लाखांहून जास्त माणसांची रोजची गरज भागते. परळीला हे पाणी सोनपेठ तालुक्यातल्या खडका बंधाऱ्यातून येते. गोदावरीला पाणी नसेल, तर बंधारा कोरडा पडतो. २०१३ आणि २०१५ मध्ये दुष्काळामुळे परळीचे सगळे संच बंद ठेवावे लागले. कोळसा होता, मजूर होते, यंत्रे होती, पण वाफ करायला पाणी नव्हते. टँकरची वाट पाहणाऱ्या गावांसमोरून विजेच्या तारा जात होत्या आणि त्यांत परळीची वीज नव्हती.

खाणपट्ट्यातल्या गावांसाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी असतो, जो खाणमालकाच्या स्वामित्वधनाशी जोडलेला आहे. खाणबाधित म्हणजे कोण, याची व्याख्या खोदकाम, सुरुंग, टाकाऊ माल अशा खाणीच्या कामांपाशी थांबते. त्याच कोळशाची राख दुसऱ्या राज्यातल्या, शेकडो किलोमीटर दूरच्या गावावर पडते, तेव्हा ते गाव त्या व्याख्येत बसत नाही.

३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांवर सगळी राख ठरावीक मुदतीत वापरण्याचे बंधन घातले आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपयांची पर्यावरणीय भरपाई ठरवली. वापराच्या मान्य मार्गांमध्ये सिमेंट, विटा आणि रस्त्यांबरोबर बंद खाणींचे खड्डे भरणे हाही एक मार्ग आहे. ओडिशात तालचेरजवळच्या साउथ बलांदा खाणीचा खड्डा अशाच राखेने भरला गेला. त्यासाठी खड्ड्यातले पाणी, राखेतले विद्राव्य घटक आणि भोवतालच्या विहिरी यांची तपासणी आधीपासून ठेवावी लागते, नाहीतर एका गावाची राख दुसऱ्या गावाच्या पाण्यात जाते. परळीला कोळसा रिकामा करून मालगाड्या रिकाम्याच खाणीकडे परततात. उघड्या वाघिणीतून कोरडी राख न्यायची तर ती वाटेत उडणार, म्हणून एकतर ती ओली करून झाकून न्यावी लागेल, किंवा बंद वाघिणी लागतील. आणि त्या परतीच्या भाड्याचा भार वीज बिलात चढवायचा, केंद्राच्या खात्यात टाकायचा, की कोळशाच्या दरातच आधी धरायचा, हे ठरवावे लागेल. तोवर परळीची राख तळ्यात साठत राहते, आणि गोदावरीकाठच्या संपलेल्या खाणींत पाणी.